गरम टोपण, थंड टोपण: धातूवर वायूचे अणू जुळतात तरी कसे?

बॅटरीरूम:

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका दूरध्वनी केंद्राच्या बॅटरी खोलीत मी सत्तावीस वर्षं काम केलं. परवा नातवाचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेत होतो. त्याच्या वहीत वाक्य होतं, 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त वेग वाढवतो.' ते वाचून मला राहवेना. माझ्या हाताला जे कळलंय ते याच्या उलट आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्याकडे दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने मांडलेले, मिळून ४८ व्होल्ट. सेल पूर्ण चार्ज झाला की पुढचा करंट पाणी फोडायला लागतो. एका सेलमध्ये एक अँपिअर-तास जादा गेला की साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटतं आणि ०.४२ लिटरच्या आसपास हायड्रोजन वर येतो, त्याच्या निम्मा ऑक्सिजन. खोलीतल्या हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. त्यामुळे एक्झॉस्ट फॅन चोवीस तास चालू आणि काडीपेटी दाराबाहेर. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये डिस्टिल्ड पाण्याचे कॅन वाहून वाहून खांदे दुखायचे.

मग सेलवर नवीन टोपणं आली. फुलपात्राएवढी, आत अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) बारीक गोळ्या आणि त्या गोळ्यांवर पॅलेडियमचा अगदी पातळ थर. सेलमधून वर आलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्या गोळ्यांवर पुन्हा एकत्र येतात, पाणी होतं आणि ते थेंबाथेंबाने परत सेलमध्ये पडतं. ना ज्योत, ना आवाज.

मे महिन्यातली एक रात्रपाळी. मी सहज टोपणांवरून हात फिरवत गेलो. चहाचा ग्लास धरल्यासारखं एकेक टोपण ऊन लागत होतं. सतरा नंबरचं मात्र खोलीइतकंच. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सेल क्र. १७ सोडून सर्व टोपणे तापली आहेत, तपासावीत.' सकाळी आमचे वरिष्ठ आले, वाचलं, आणि मला परत आत घेऊन गेले. म्हणाले, "तापलेली आहेत ती कामावर आहेत. थंड आहे त्याच्याकडे बघ. त्याच्या सेलचा वायू थेट खोलीत येतोय."

तेवीस टोपणं बरोबर होती आणि मी त्यांच्यावरच शेरा मारला होता. त्या दिवसापासून मी टोपणाला हात लावल्याशिवाय ड्युटी सुरू केली नाही.

आता मुद्दा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका बाटलीत भरून ठेवले तर वर्षानुवर्षं तसेच राहतात. पॅलेडियमवर मात्र त्यांचं खोलीच्या तापमानाला पाणी होतं. मग धातू 'भाग घेत नाही' असं कसं म्हणायचं? जाणकारांनी लिहावं. मला जेवढं माहीत आहे तेवढं मीही लिहीत जाईन.

*

प्रयोगवही:

काका, ते वाक्य मी वर्गात कधीच तसं सांगत नाही. उत्प्रेरक भाग घेतो, पुरता घेतो. शेवटी तो जसा होता तसा परत मिळतो, एवढाच त्या वाक्याचा खरा अर्थ.

तुमच्या टोपणात काय होतं ते असं. हायड्रोजनचा रेणू पॅलेडियमवर आदळतो आणि तिथेच त्याचे दोन अणू सुटे होतात. धातूचे अणू त्यांना इतकं जवळ घेतात की आपसातला बंध टिकवायची त्यांना गरजच उरत नाही. ऑक्सिजनचंही तसंच. आता पृष्ठभागावर सुटे अणू बसलेत. ते धातूवरून सरकतात, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन भेटून हायड्रॉक्सिल होतं, त्याला आणखी एक हायड्रोजन मिळाला की पाणी, आणि पाण्याचा रेणू धातू सोडून निघून जातो. जागा पुन्हा मोकळी.

बाटलीत हे होत नाही, कारण तिथे पहिला बंध तोडायलाच कोणी नाही. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात, ऑक्सिजनचे ४९८. खोलीच्या उष्णतेत धडकणाऱ्या रेणूंच्या अंगात एवढी ताकद नसते. धातू तो बंध एका झटक्यात तोडत नाही. एकीकडे जुना बंध सैल होत असतो, त्याच वेळी धातूशी नवा बंध जुळत असतो. म्हणून ऊर्जेचा चढ लहान होतो.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मायकेल फॅरेडेला हे जवळजवळ तुमच्यासारखंच सापडलं. तो विजेने पाणी फोडून निघालेला वायू नळीत मोजत होता. प्लॅटिनमच्या पट्ट्या वायूत तशाच राहिल्या तर वायूचं माप आपोआप कमी व्हायचं! वीज बंद केली तरी. नळीला गळती नव्हती. पट्टीवर दोन्ही वायू पुन्हा पाणी होत होते. १८३४ साली त्याने त्यावर सविस्तर लिहिलं, आणि पट्टी किती स्वच्छ आहे यावर सगळं ठरतं हे ठासून सांगितलं. त्याआधी १८२३ मध्ये जर्मनीतल्या येना इथे डोबरायनरने प्लॅटिनमच्या भुशावर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवला होता आणि त्यावर दिवाही बनवला होता. 'कॅटॅलिसिस' हा शब्द बर्झेलियसने दिला तो त्यानंतर, १८३५ मध्ये.

*

बारावी_विज्ञान:

मॅडम, एक शंका आहे. बंध तोडायला मदत लागते हे समजलं. पण समजा अणू आधीच सुटे आहेत. हायड्रोजनचे दोन सुटे अणू हवेत भेटले तर ते तर लगेच जुळायला पाहिजेत ना? तिथे धातू कशाला हवा?

*

बॅटरीरूम:

बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. मला स्वतःला हे कळायला खूप वर्षं लागली.

घरात एक स्टीलची गुळगुळीत वाटी घे. कडेवरून गोटी हलकासा धक्का देऊन सोड. ती तळाशी जाते आणि त्याच वेगात समोरच्या कडेजवळ चढते. घर्षण अजिबात नसतं तर ती समोरून बाहेरच पडली असती. दोन अणू भेटतात तेव्हा असंच होतं. जुळताना जी ऊर्जा सुटते (मोलमागे ४३६ किलोज्यूल) ती त्या दोघांकडेच राहते, जायला दुसरी जागाच नसते. त्याच ऊर्जेने एका कंपनाच्या आत ते परत वेगळे होतात.

आता त्याच वाटीत आपला सोलापुरी टॉवेल अंथर आणि गोटी सोड. गोटी तळाशी थांबते. तिची ऊर्जा टॉवेलने घेतली.

धातू म्हणजे तो टॉवेल. अणू जुळले की सुटलेली ऊर्जा धातू आपल्यात ओढून घेतो. त्यामुळे जोडी टिकते आणि धातू तापतो. टोपण ऊन लागत होतं ते यामुळेच. त्यात बंध तोडण्या-जोडण्याचा सगळा हिशोब आला. एका अँपिअर-तासाच्या वायूचं पुन्हा पाणी झालं तर साधारण साडेचार ते सव्वापाच किलोज्यूल उष्णता निघते.

हवेत हे कधीच होत नाही असं नाही. तिसरा कोणी रेणू नेमक्या त्याच क्षणी येऊन धडकला तर ऊर्जा तो घेऊन जातो. पण वायू विरळ असेल तर असा तिसरा भेटणं दुर्मीळ. मग अणू हिंडत हिंडत भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीवरच जुळतात.

*

हिप्परगा:

यावरून आठवलं. रात्री एकरुख तलावाकडे आम्ही दुर्बीण घेऊन जातो तेव्हा नेहमी सांगतो की ताऱ्यांमधल्या ढगांत सर्वांत जास्त असलेला रेणू म्हणजे हायड्रोजन. तो वायू इतका विरळ असतो की 'तिसरा' वेळेवर मिळायची काही आशाच नाही. मग तो रेणू तयार कुठे झाला? धुळीच्या कणांवर. एक अणू कणावर बसतो, दुसरा येतो, सरकत सरकत भेट होते, ऊर्जा धुळीला जाते. गूल्ड आणि सालपीटर यांनी १९६३ मध्ये हे मांडलं. ती धूळ धातूची नाही, बरीचशी कार्बन आणि सिलिकेटची आहे, पण काम तेच, काकांच्या टॉवेलचं.

तारे ज्यातून जन्मतात तो वायू अशा कणांवर जुळलेला आहे, हे मला प्रत्येक वेळी सांगताना अंगावर काटा येतो.

*

चिंचोळीकर:

मी वेल्डिंगवाला आहे, एमआयडीसीत. आमचं सगळं आता आर्गॉनवर चालतं. पण आमच्या उस्तादांनी अॅटॉमिक हायड्रोजन वेल्डिंगचं नाव काढलं होतं. त्यात ज्योत म्हणे हवेत तेवढी तापत नाही जेवढी लोखंडाला लागल्यावर तापते. हे खरं का? आणि कसं?

*

प्रयोगवही:

अगदी खरं आहे, आणि ते या धाग्याच्या मधोमध बसतं.

आयर्विंग लँगम्यूर १९०९ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आला. काम होतं बल्बचं. जुने पिवळे बल्ब ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल, काही महिन्यांनी काच आतून काळी व्हायची. त्याने टंगस्टनची तार वेगवेगळ्या वायूंत तापवून पाहिली. हायड्रोजनमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. तार पांढरीफेक होत गेली तशी ती हिशोबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता गमावू लागली. ती उष्णता जात होती कुठे? तारेवर हायड्रोजनचे रेणू फुटत होते आणि सुटे अणू ती ऊर्जा घेऊन लांब जात होते.

बल्बमध्ये चुकून राहिलेली पाण्याची वाफसुद्धा हाच खेळ करते. तापलेल्या तारेवर पाणी फुटतं, ऑक्सिजन टंगस्टनला घेऊन ऑक्साइडच्या रूपात काचेवर जाऊन बसतो, मग सुटा हायड्रोजन तिथे येऊन ऑक्सिजन काढून घेतो, काचेवर काळा धातू उरतो आणि पाणी परत तारेकडे. तेच थोडं पाणी पुन्हा पुन्हा तार कुरतडत राहतं.

आता तुमची ज्योत. दोन टंगस्टन काड्यांमधल्या विजेच्या आर्कमधून हायड्रोजनचा झोत सोडतात. आर्कमध्ये रेणू फुटून अणू होतात. ते अणू कामाच्या लोखंडावर आदळले की तिथे, त्या पृष्ठभागावर, पुन्हा जुळतात आणि ४३६ किलोज्यूलचा सगळा हप्ता तिथेच फेडतात. म्हणून आच धातूवर लागते. लँगम्यूरने हे १९२० च्या दशकात काढलं.

त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आर. डब्ल्यू. वूडने लांब काचेच्या नळीत विजेने हायड्रोजनचे अणू केले होते. काचेवर ते सहज जुळत नाहीत, म्हणून नळीतून बऱ्याच अंतरापर्यंत टिकतात. पण नळीत एक धातूची तार घातली की ती बिनविजेची, बिनज्योतीची तापून लाल होते.

*

चिंचोळीकर:

मॅडम, आभार. उस्ताद आता नाहीत. त्यांच्या मुलाला हे वाचून दाखवणार आहे.

*

सायलेन्सर:

मी टू-व्हीलर मेकॅनिक. गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असतो, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. धुराच्या नियमांतल्या बीएस-४ गाड्या २०१७ पासून, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. पोरं येतेत आणि म्हणतेत, "मालक, ती जाळी काढून टाका, पिकअप वाढतो." मी काढत नाही, पण का काढू नये ते नीट सांगताही येत नाही. गाडी थंड असताना धूर लई वास मारतो, गरम झाली की कमी होतो, एवढं मला दिसतं. हे काकांच्या टोपणासारखंच हाय का?

*

प्रयोगवही:

हो, तेच. त्या जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. इंजिनातून तीन त्रासदायक गोष्टी येतात: अर्धवट जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. ऱ्होडियमवर नायट्रिक ऑक्साइडचा रेणू फुटतो. नायट्रोजनचा अणू वेगळा, ऑक्सिजनचा वेगळा. दोन नायट्रोजन अणू शेजारी आले की जुळून साधा नायट्रोजन होऊन निघून जातात, हवेत आहे तोच. ऑक्सिजनचा अणू मोनॉक्साइडला मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो.

थंड गाडीचा वास का येतो, ते एसटी स्टँडवर बघा. आषाढीला पंढरपूरची गाडी लागली आहे. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे एकटा प्रवासी, दिसेल त्या सीटवर बसतो. ऑक्सिजन म्हणजे जोडी, त्यांना शेजारी शेजारी दोन सीट मोकळ्या हव्यात, कारण रेणू फुटून दोन अणूंना दोन जागा लागतात. थंड प्लॅटिनमवर मोनॉक्साइड इतका घट्ट आणि दाट बसतो की जोडीला जागाच मिळत नाही. गाडी भरलेली, पण सुटत नाही. जाळी साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की मोनॉक्साइड उठायला लागतो, दोन सीट मोकळ्या होतात, ऑक्सिजन बसतो आणि मग एकदम काम सुरू होतं. तेव्हा मोनॉक्साइड जळतानाची उष्णता जाळीलाच आणखी तापवते.

तुमच्याकडे येणाऱ्या पोरांना एवढं सांगा: मोनॉक्साइड जसा प्लॅटिनमवर सीट अडवतो, तसाच आपल्या रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. जाळी काढली की तो सात रस्त्याच्या सिग्नलला मागे उभ्या असलेल्या लहान मुलाच्या तोंडावर जातो.

आणखी एक. शिसं असलेलं पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, त्याचं एक कारण हेच. शिसं या धातूंवर बसलं की उठतच नाही. जाळी कायमची मेली.

*

सायलेन्सर:

कळलं. आता गॅरेजात बोर्ड लावतो.

*

ताणाबाणा:

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत, आधी हातमाग, आता पॉवरलूम. या धाग्याशी माझा संबंध काय असं वाटेल, पण आहे. माझा मेहुणा खताच्या कारखान्यात नायट्रिक अॅसिडच्या प्लांटवर आहे. तो म्हणाला, "दाजी, आमच्याकडेही कापड लागतं, फक्त धागा प्लॅटिनमचा." मला खरं वाटेना. मग त्याने एक जुना छोटा तुकडा भिंगाखाली दाखवला.

खरोखर विणलेलं होतं. साधी वीण, एक वर एक खाली, ताणा आणि बाणा दोन्ही धातूचे. प्लॅटिनममध्ये थोडं ऱ्होडियम. तार ०.०६ ते ०.०७६ मिलिमीटर. सेंटिमीटरला ३२ तारा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०२४ भोकं. आमच्या हिशोबात इंचाला ८१ ताणे आणि ८१ पिक, म्हणजे बाणे. तार तुटली तर गाठ मारता येत नाही हे बघूनच माझा जीव खालीवर झाला.

अशा जाळ्या एकावर एक रचतात आणि त्यांतून हवा आणि अमोनिया सोडतात, नऊशे अंशांच्या आसपास. वायू जाळीतून जायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तेवढ्यात अमोनियाचा नायट्रिक ऑक्साइड होतो. जास्त वेळ राहिला तर बिघडतो, अमोनियाचा नुसता नायट्रोजन होतो आणि मेहनत फुकट.

त्या तुकड्यात मला सर्वांत नवल वाटलं ते तारेचं. नवी तार गुळगुळीत असते. वापरलेली तार भिंगाखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फुललेली होती. धातूने जागा सोडून पुन्हा जागा धरली होती. मेहुण्याने सांगितलं की थोडं प्लॅटिनम ऑक्साइड होऊन वायूबरोबर उडूनही जातं आणि ते धरायला खाली पॅलेडियमची जाळी लावतात. आता काही ठिकाणी विणण्याऐवजी होजियरीसारख्या गुंफलेल्या जाळ्या वापरतात.

काकांच्या नातवाच्या वहीतलं ते वाक्य मी त्या तारेला लावून बघितलं. जी तार अशी फुलते, ती 'भाग घेत नाही' कसं म्हणायचं?

*

बॅटरीरूम:

मालक, तुम्ही माझ्या प्रश्नाला तारेचाच पुरावा दिलात. मनापासून आभार. ही पोस्ट नातवाला वाचायला दिली.

*

बारावी_विज्ञान:

अमोनियावरून विचारतो. नायट्रोजन तर एवढा भरपूर आहे हवेत, मग अमोनिया बनवणं अवघड का? आमच्याकडे शेतात युरिया टाकतात तो त्यातूनच येतो ना?

*

प्रयोगवही:

त्यातूनच. अवघड यासाठी की नायट्रोजनचा बंध तिपदरी आहे, ९४५ किलोज्यूलचा. जर्मन शास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कारखाना सुरू झाला. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब. पण लोखंडावर नेमकं काय घडतं हे कळायला आणखी साठ-सत्तर वर्षं गेली. काहींना वाटायचं नायट्रोजन रेणू अख्खाच हायड्रोजन घेतो, काहींना वाटायचं आधी फुटतो.

गेरहार्ड एर्टल यांनी लोखंडाचा एकच स्वच्छ स्फटिक निर्वातात ठेवून ते दाखवलं. नायट्रोजन आधी फुटतो, आणि तीच सर्वांत सावकाश पायरी. लोखंडावर आदळणाऱ्या साधारण दहा लाख रेणूंतला एखादाच फुटून अणू होऊन बसतो. एकदा अणू बसला की पुढे हायड्रोजन एकेक करून जोडला जातो आणि अमोनिया उठून जातो. एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं. घोषणा झाली ती १० ऑक्टोबरला, त्यांच्या वाढदिवशी.

'स्वच्छ' म्हणजे किती ते बघ. साध्या हवेत धातूच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूवर सेकंदाला तीसेक कोटी रेणू आदळतात. घासून पुसून चकचकीत केलेली पट्टी डोळ्याची पापणी लवायच्या आत झाकली जाते. दाब टॉरच्या (७६० टॉर म्हणजे साध्या हवेचा दाब) दहा लाखाव्या भागावर आणला तरी एका सेकंदात एक थर बसू शकतो. म्हणून पृष्ठभागाचा अभ्यास करणारे त्याच्याही दहा हजार पट खाली जातात, तेव्हा कुठे दोन-तीन तास हातात मिळतात. फॅरेडे १८३४ मध्ये नुसत्या घासण्या-धुण्यावर एवढं बोलून गेला, याचं मला फार मोठेपण वाटतं.

*

ब्लीचिंग_हाउस:

अक्कलकोट रोडला टॉवेल प्रोसेसिंगमध्ये मी वीस वर्षं आहे. आमच्याकडे वायू नाही, द्रव आहे, पण दुखणं हेच. एका वर्षी टॉवेलला पेरॉक्साइडच्या ब्लीचनंतर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडायला लागली. ठिकठिकाणी, रांगेत नाही. विणकर म्हणाले सूत खराब, सूतवाले म्हणाले माग खराब. पार्टीने अख्खा लॉट परत केला.

शेवटी एका भोकाच्या कडेला तांबूस ठिपका दिसला. गंज. पाइपलाइनमधून लोखंडाचे कण येत होते. ज्या जागी कण बसला तिथे पेरॉक्साइड भराभर फुटायचं आणि त्या टोकाएवढ्या जागेतला कापूस खाऊन टाकायचं. बाकी टॉवेल ठणठणीत. पाइप बदलले, पेरॉक्साइडला आवरणाऱ्या सिलिकेटचं प्रमाण नीट केलं, पाण्याला फिल्टर लावला, भोकं बंद.

धातूचा पृष्ठभाग किती लहान जागेत किती काम करतो ते आम्ही पैसे मोजून शिकलो.

*

हिप्परगा:

धातू कधी नकोसाही असतो, त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण देतो. यान वातावरणात परततं तेव्हा समोरची हवा इतकी तापते की ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे रेणू फुटतात. ते सुटे अणू यानाच्या पृष्ठभागावर येऊन जुळले तर वर सांगितलेली सगळी ऊर्जा तिथेच ओततात, चिंचोळीकरांच्या वेल्डिंगसारखी. म्हणून बाहेरचं आवरण असं निवडतात की त्यावर अणू सहज जुळू नयेत. अमेरिकन स्पेस शटलच्या फरशांवर काचेचा लेप होता, त्याचा हाही एक उपयोग. आपल्या इस्रोने २००७ च्या जानेवारीत एसआरई-१ हे परत येणारं छोटं यान बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवलं, त्यावरही सिलिकाच्या फरशा होत्या.

*

बारावी_विज्ञान:

अजून एक विचारू का? धातू ऊर्जा घेतो म्हणता, पण घेतो कशात? आणि दोन्ही अणू धातूवर बसलेलेच असावे लागतात का? वरून आलेला अणू थेट बसलेल्याला पकडू शकत नाही?

*

प्रयोगवही:

पकडू शकतो. दोन्ही बसलेले, सरकत भेटले, तर त्या वाटेला लँगम्यूर-हिन्शेलवुड म्हणतात. एक बसलेला आणि दुसरा वरून झेपावून त्याला उचलून नेतो, ती इली-रिडियल. बहुतेक अभिक्रिया पहिल्या वाटेने जातात. दुसरीचा थेट पुरावा हायड्रोजनवर मिळाला. तांब्याच्या स्फटिकावर एका जातीचे अणू बसवले, वरून दुसऱ्या जातीचे सोडले, एक साधा हायड्रोजन आणि एक जड हायड्रोजन. बाहेर पडलेले मिश्र रेणू भलत्याच वेगात निघाले. धातूवर निवांत बसून, ऊर्जा देऊन उठलेला रेणू एवढ्या वेगात निघत नाही. याचा अर्थ त्याने बरीचशी ऊर्जा धातूला दिलीच नव्हती, स्वतःबरोबर नेली.

ऊर्जा कशात जाते, याला दोन उत्तरं आहेत. धातूच्या अणूंच्या थरथरीत, आणि धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांत. दुसरं फार सुंदर रीतीने पकडलं गेलं. १९९९ मध्ये सिलिकॉनवर चांदीचा किंवा तांब्याचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर हायड्रोजनचे अणू सोडले. अणू बसताना सुटलेल्या ऊर्जेने काही इलेक्ट्रॉन इतके उसळले की थर ओलांडून सिलिकॉनमध्ये गेले आणि मीटरवर करंट दिसला. वर अणू बसतोय आणि खाली काटा हलतोय.

*

प्रयोगवही:

काल कॉलेजमध्ये मुलांना एक प्रयोग दाखवला, तो इथे लिहिते. घरी करू नका, अॅसिटोन पटकन पेटतं.

काचेच्या बीकरमध्ये बोटभर अॅसिटोन. तांब्याच्या जाड तारेचा स्प्रिंगसारखा वेटोळा केला, बर्नरवर लाल केला, बर्नर विझवून लांब ठेवला, आणि वेटोळा अॅसिटोनच्या वर, द्रवाला न टेकता, लटकवला. तार विझायला हवी होती. ती विझली नाही. आधी काळपट झाली, मग खालच्या टोकाला एक नारिंगी ठिपका आला, तो वेटोळ्यावरून वर चढला, मंदावला, पुन्हा खालून निघाला. जणू कोणी तारेवर फुंकर घालतंय. अॅसिटोनची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन तांब्यावर भेटत होते आणि तांबं क्षणात ऑक्साइड, क्षणात धातू होत होतं. आठ मिनिटं तार जिवंत होती. दिवे बंद केले होते. चाळीस मुलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात हाच प्रयोग करताना बीकरनेच पेट घेतला होता. आपल्या उकाड्यात वाफ फार जास्त झाली. झाकण हाताशी होतं म्हणून लगेच विझवता आलं. तेव्हापासून मी हा प्रयोग फक्त थंडीत, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीच्या आसपास घेते.

*

बारावी_विज्ञान:

मी त्या चाळिसात होतो! मॅडम, ते तुम्ही आहात हे मला आत्ता कळलं.

काका, सगळं समजलं, पण सतरा नंबरच्या टोपणाचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. पॅलेडियम मेलं होतं का?

*

बॅटरीरूम:

राहून गेलं खरं. सांगतो.

टोपण थंड पडायची कारणं दोन-तीन असतात. प्लेटमधल्या अँटिमनीपासून स्टिबिन नावाचा वायू निघतो, तो पॅलेडियमवर बसला की शिशासारखाच जागा अडवतो. तसं असेल तर टोपण फेकायचं. किंवा बूस्ट चार्जला, म्हणजे जोराच्या चार्जिंगला, टोपण काढायचं विसरलं तर वायू इतका येतो की टोपण जास्त तापून बिघडतं. आमच्याकडे एकदा एका टोपणाची कड त्यामुळे मेणासारखी वाकली होती. चूक माझीच होती. तिसरं कारण साधं: गोळ्या ओल्या होणं. वाफेचं पाणी गोळ्यांवरच बसून राहिलं तर त्याच्या पडद्यातून वायू धातूपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या गोळ्यांना पाणी न धरणारा लेपही देतात, पण जुन्या झाल्या की तो कमी पडतो.

वरिष्ठांनी टोपण माझ्या हातात दिलं. कानाशी नेऊन हलवलं तर आतून डबक असा आवाज आला. पाणी होतं. मी ते गच्चीवर पत्र्याच्या तुकड्यावर उलटं ठेवलं, मे महिन्याच्या उन्हात, तीन दिवस. रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बाजू बदलायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी सतरा नंबरवर परत बसवलं आणि लगेच हात लावला. काही नाही. सोळा आणि अठरा ऊन, हे थंड.

रात्री अकराला पुन्हा आत गेलो. फॅनचा आवाज तेवढा चालू. सोळावर हात ठेवला, मग सतरावर. कोमट होतं. पाठोपाठ आत एक थेंब पडल्याचं ऐकू आलं.